एका तोंडाचा अर्ज

त्या सकाळी वास आधी आला आणि यंत्र नंतर दिसले. नवव्या मजल्याच्या गॅलरीत मी ओले कपडे झटकत होते. तेवढ्यात तो नाकाशी आला: खारट, जड, कुजलेल्या पानांचा, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी सुकलेल्या मासळीची आठवण. ओहोटीच्या वेळी खाडीचा वास येतो, तो माझ्या ओळखीचा होता; पण तो वाऱ्यावरून येतो, पातळ होत होत. हा वास जमिनीतून सरळ वर चढला होता आणि त्याला डिझेलची धार होती.

खाली पाहिले. आमची इमारत आणि समोरचे जुने गाव यांच्या मधून जो रस्ता जातो, त्याच्या गावाकडच्या कडेला एक तिपाई उभी होती. तिच्या पोटातून लोखंडी नळ्या जमिनीत उतरत होत्या आणि वर येताना करड्या-काळ्या मातीच्या कांड्या घेऊन येत होत्या. दोन माणसे त्या कांड्या लांबट लाकडी पेट्यांत ओळीने निजवत होती, एखाद्या अशक्त माणसाला अंथरुणावर ठेवावे तशा हलक्या हातांनी.

मी खाली उतरले तेव्हा मावशी तिथे आधीच पोचली होती. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने पेटीतली चिमूटभर माती उचलली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"ही आमच्या खारीची माती," ती म्हणाली.

पेट्यांवर आकडे लिहिणारा इंजिनिअर हसला. "आजी, ही वीस मीटर खालची आहे. तुमची शेतं वर होती."

"खाली गेली म्हनून काय परकी जाली?"

मावशी माझी सख्खी मावशी नव्हे. लग्नानंतरची आठ वर्षे आम्ही दोघे गावात तिच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो, आणि मग रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत स्वतःच्या घरात आलो. अंतर पन्नास पावलांचे. या पन्नास पावलांना इतका अर्थ असेल, हे तेव्हा मनातही आले नव्हते.

मातीची ती परीक्षा का चालली होती, ते आठवडाभरात सगळ्यांना कळले. या रस्त्याने नवी गाडी न्यायची होती. पुलावरून नेण्याचा विचार उच्च दाबाच्या वीजतारांमुळे आधीच मागे पडला होता. उरले दोन मार्ग. एक, जमिनीखालून मेट्रो. दुसरा, रस्त्यावरूनच धावणारी हलकी रेल्वे, जिला गावात सगळे ट्रामच म्हणू लागले. ट्राम आली तर रस्त्याच्या मधल्या दोन लेन तिला द्याव्या लागणार होत्या; मोटारींची जागा आणि आमच्या फाटकासमोरचे पार्किंग जाणार होते. मेट्रो खालून गेली तर रस्ता पुन्हा मोटारींचाच राहणार होता, पण तिचे स्थानक वरून उघडे खणावे लागणार होते. आणि ते जिथे खणायचे, तिथे गावाची पहिली ओळ होती. त्या ओळीत मध्यावर मावशीचे घर.

तिच्या ओट्याच्या कडेला एके दुपारी कुणीतरी लाल रंगाने आकडा रंगवून गेले. मी पाहायला गेले तेव्हा रंग ओला होता आणि त्यावर एक माशी अडकली होती. मावशीने तो पुसला नाही. ती फक्त त्या कडेला बसायची सोडून दुसऱ्या कडेला बसू लागली.

ती गावची धवलारीण आहे, लग्नात धवले गाणारी. आगरी लग्नात भटजीच्या आधी तिचा अधिकार. हळद, तेलवण, मांडव, प्रत्येक विधी तिच्या धवल्यावाचून पुढे सरकत नाही. ती एक ओळ उच्चारते आणि भोवतीच्या बायका ती झेलतात. एकटीचा आवाज सगळ्यांचा होतो. मी महाविद्यालयात छंद आणि वृत्ते शिकले होते, आणि वरच्या खोलीत राहताना मोठ्या आशेने वही घेऊन तिच्याकडे गेले होते. तिने मला चहा दिला आणि वही बाजूला ठेवायला लावली.

"मांडव नाय, कलस नाय, नवरी नाय. कनाला गाऊ? देव फुकट जागे व्हतील."

आठ वर्षांत मी तिच्याकडून एकही धवला लिहून घेऊ शकले नाही. मात्र तिच्या ओट्यापुढे रस्त्यात घातलेले मांडव मी वरच्या खिडकीतून पाहिले, आणि आंब्याच्या डहाळ्यांचा आणि ओल्या हळदीचा वास जिन्यावरून वर आला की हातातले काम सोडून कठड्याशी बसून ऐकले. गावाच्या त्या आळीतली बहुतेक लग्ने तिच्याच दारात लागत. दुसरीकडे तेवढी मोकळी जागा उरलीच नव्हती.

आमच्या सोसायटीची बैठक तळमजल्याच्या हॉलमध्ये भरली. सेक्रेटरींनी भिंतीवर नकाशा लावला होता.

"ट्राम म्हणजे आपल्या गेटसमोरच्या दोन लेन गेल्या, समजा. पार्किंग गेलं. दिवसभर घंटी. अंडरग्राउंडचं कसं, काम झालं की वर रस्ता जसाच्या तसा. कुणाला काही दिसणार नाही."

"आणि स्टेशन कुठून खणणार?" मी विचारले.

"समोरून, मॅडम. ती मोकळी जागा आहे. बघा ना नकाशात."

नकाशात खरोखरच तिथे काही नव्हते. गावठाणाची रेघ मावशीच्या घराच्या मागून गेली होती. जमिनी संपादनात गेल्यावर कुटुंबे वाढली, तशी लोकांनी रेघेबाहेर गरजेपोटी घरे बांधली; ती अजून कागदावर आलेली नव्हती. मावशीच्या जागी एक स्वच्छ पांढरा आयत होता.

"तिथे घरं आहेत," मी म्हणाले.

"आहेत, पण नाहीत. टेक्निकली!" सेक्रेटरी म्हणाले, आणि खुर्च्यांमधून हसू फिरले.

"मॅडमची मावशी असते ना तिकडे," मागून कुणीतरी म्हणाले. "टेन्शन नका घेऊ हो. देतील त्यांना कुठेतरी."

"मॅडम, तुम्ही लिहिता. मसुदा तुम्हीच करा ना," सेक्रेटरी म्हणाले. वेळ नाही, असे मी सांगितले. ते नाराज झाले नाहीत. "बरं, मग मी पाठवतो नमुना. पण नीट ऐका. सगळ्यांचं मिळून एक पत्र द्यायचं नाही. प्रत्येक फ्लॅटचा वेगळा मेल. दोन-चार वाक्यं बदलायची, आपापली अडचण टाकायची."

का, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मला तो प्रकार ओंगळ वाटला. एकाच माणसाने टोप्या बदलून रांगेत पुन्हा पुन्हा उभे राहावे तसा.

दोन दिवसांनी माझ्या नवऱ्याने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. आमच्या घराचा मेल तयार होता. खाली आम्हा दोघांची नावे.

"फ्लॅट दोघांच्या नावावर आहे म्हणून दोघांची टाकली. वाचून बघ."

"मावशींचं घर जाईल यात."

"घर आपल्या मेलने जाणार आहे का? सगळी बिल्डिंग पाठवतेय. आपणच नाही पाठवलं तर उद्या लिफ्टमध्ये कोण बोलेल आपल्याशी?" मग म्हणाला, "तुला नको असेल तर सांग. नाही पाठवत."

तो वाईट माणूस नाही. त्याने मला दार उघडून दिले होते. मी मजकूर वाचला. एक वाक्य फार लांब झाले होते. ते मी सवयीने मधोमध तोडून दोन वाक्यांत बसवले आणि लॅपटॉप त्याच्याकडे परत सरकवला.  मेल जातानाचा तो बारीक, फुर्रकन उडाल्यासारखा आवाज मला आजही ऐकू येतो.

त्याच संध्याकाळी मावशीची सून आमच्या दारात उभी राहिली. ती बारावी शिकलेली, कोपरखैरण्याच्या एका दुकानात हिशेब पाहणारी, बोलायला नेमकी.

"ताई, गावाला ट्राम पाहिजे असा अर्ज करायचाय. आई म्हणतात, तुम्हीच लिहा."

मी इतक्या चटकन हो म्हणाले की तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिले.

मावशीच्या ओट्यावर बायका जमल्या. सून म्हणाली, "मला वाटतं आपण एकेकीनं आपला वेगळा अर्ज द्यावा. आमच्या दुकानात तक्रारी येतात ना, त्या कागदावर मोजतात."

"नको," मी म्हणाले. "शंभर तुटक अर्जांपेक्षा एक नीट लिहिलेला अर्ज. सगळ्या गावाचा. एका आवाजात."

मावशीचा चेहरा उजळला. "बराबर बोलली. एक बोलेल, बाकीच्या झेलतील. गावाचा तोंड एक पायजे."

सुनेने हातातले पेन मला दिले. सासू धवलारीण, मी शिकलेली. आम्हा दोघींपुढे ती काय बोलणार? मी चार दिवस त्या अर्जावर बसले. खाडीचा बांध, भरतीचे पाणी अडवणारी उघाडी, मिठागरे, संपादनात गेलेली भातशेती, आणि मग दारातून जाणारी गाडी, जिला जिने नाहीत, जी म्हाताऱ्या पायांना ओळखते. लिहिताना मला वाटत होते, मेलमध्ये तोडलेल्या त्या एका वाक्याची भरपाई मी पानभर सुंदर वाक्यांनी करते आहे. अर्ज वाचून दाखवला तेव्हा दोघीतिघींनी डोळे पुसले. मला ते आवडले, हे कबूल करायला हवे.

मग तीन दिवस सह्या आणि अंगठे. शाईच्या पॅडचा गोडसर, औषधी वास ओट्यावर दरवळत राहिला. मावशीचा अंगठा सर्वांत वर, जाड, रुंद, रेघा झिजलेला. मी आणि सून मिळून तो गठ्ठा कार्यालयात देऊन आलो. कारकुनाने पहिल्या पानावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पोच आमच्या हातात दिली. एक शिक्का. एक क्रमांक. मला त्यात काही खटकले नाही.

सुनावणी भर दुपारी होती. सभागृह इतके थंड की गावातल्या बायकांनी पदर खांद्यांवरून लपेटून घेतले. दाराजवळच्या फलकावर आलेल्या हरकती आणि सूचनांची यादी लावलेली होती. मार्गाचा पर्याय आणि समोर पाठवणाऱ्यांची नावे, पत्ते. सून ती यादी बोटाने वाचत खाली येत होती. आमची इमारत आली. मजले आले. तिचे बोट एका ओळीवर थांबले.

तिने वळून माझ्याकडे पाहिले.   मग तिने बोट उचलले आणि सासूला हाताला धरून आत घेऊन गेली. मावशीला अक्षर वाचता येत नाही. ही गोष्ट मला त्या क्षणी दिलासा देऊन गेली, आणि त्या दिलाशाची लाज मला अजून वाटते.

अधिकारी मृदू आवाजाचे होते. भुयारी मार्गाच्या बाजूने आलेल्या निवेदनांचा आकडा त्यांनी वाचला. तो मोठा होता. सेक्रेटरींनी मांडीवरची फाइल सरळ केली.

"रस्त्यावरील हलक्या रेल्वेच्या बाजूने," अधिकारी पुढे म्हणाले, "सामूहिक निवेदन, एक."

मी उभी राहिले. "साहेब, त्याला सह्या आणि अंगठे जोडलेले आहेत. सगळं गाव आहे त्यात."

"हो मॅडम, पाहिलंय मी. फार चांगलं लिहिलंय. पण मजकूर एक असला की नोंद एकच होते."

चांगलं लिहिलंय. मी खाली बसले.  माझ्या शेजारी मावशी उठत होती, एक हात समोरच्या खुर्चीवर टेकून.

"साहेब, माजा अंगठा हाय ना त्यात?"

"आहे, आजी."

"तिचा? तिचा?" तिने मागच्या रांगेकडे हात केला.

"सगळ्यांचे आहेत."

"म्हंजे मानसा नाय मोजायची, कागद मोजायचा?"

मागून कुणीतरी हसले, पण फार वेळ नाही. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला. त्यांनाही ते वाक्य टोचले असावे. "आजी, आज मुदतीचा शेवटचा दिवस आहे. खालची आवक खिडकी पाच वाजेपर्यंत उघडी आहे. प्रत्येकीनं आपला वेगळा अर्ज दिला तर वेगळी नोंद होईल. पण एकाच मजकुराच्या नकला नकोत."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन वाजले होते.

आम्ही जिन्याखालच्या बाकावर बसलो. सून धावत जाऊन कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि पेने घेऊन आली. ज्यांना लिहिता येत होते त्या भिंतीला कागद लावून लिहू लागल्या. बाकीच्या माझ्यापुढे आणि सुनेपुढे रांगेत. गावात फोन गेले. रिक्षांतून आणखी बायका, पुरुष येऊ लागले. फरशीला फिनेलचा वास होता, त्यात घामाचा आणि सुकटीचा मिसळला.

"तुमची अडचण सांगा," मी पहिलीला म्हणाले.

"मी गेल्या सालीच लादी बसवली."

"तसं नाही, म्हणजे गाडीबद्दल..."

"मग लादीचा काय व्हनार?"

माझे पेन थांबले. त्या लादीचे मी मनात काहीतरी भारदस्त करू पाहत होते. पलीकडून सून म्हणाली, वर न बघता, "ताई, सुधारू नका. बोलते तसंच लिहा."

मी लिहिले: मी गेल्या वर्षीच लादी बसवली आहे. पुढची म्हणाली, ती मासळीचा पाट दारात मांडते, रस्ता पत्र्यांनी बंद झाला तर गिऱ्हाईक कुठून येईल. एकीला जिने उतरता येत नव्हते. एका म्हाताऱ्याने सांगितले की भरतीला त्याची विहीर अजून खारी होते, खाली पाणी आहे, साहेबांनी विचार करावा. एकीने नुसतेच म्हटले, "तुमी खनाल आनि सोडून जाल, मना ठाव हाय." सगळे तसेच्या तसे. माझ्या सुंदर अर्जात यातले एकही वाक्य नव्हते. खिडकीत शिक्का पडत होता, ठप्, ठप्, आणि प्रत्येक ठप्प्याला कारकून नवा आकडा मोठ्याने सांगत होता. जिन्याखाली तो आकडा कुणीतरी झेलायचे आणि पुढच्याला सांगायचे. तेवढ्या वेळात मी घड्याळाकडे किती वेळा पाहिले असेल, कोण जाणे. काटा दर वेळी पुढे होता.

गावातल्या सगळ्यांचे अर्ज झाले नाहीत. रिक्षा अडकल्या म्हणून काही जण पोचलेच नाहीत. निर्णय आज हे लिहीपर्यंत लागलेला नाही, आणि ओट्यावरचा लाल आकडा उन्हाने थोडा फिका झाला असला तरी तिथेच आहे. पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हते. माहीत होते ते एवढेच की पाचाला सात मिनिटे उरली होती आणि मावशीचा अर्ज राहिला होता. "माजा सगल्यांच्या मागून," म्हणत ती प्रत्येक वेळी दुसरीला पुढे करत आली होती.

ती माझ्यापुढे बसली. गुडघे कटकटले.

"सांगा मावशी."

"लिव. माज्या दारात मांडव परतो. गावातल्या पोरींची हलद माज्या वट्यावर लागते." तिने फरशीकडे बोट केले. "जमिनीच्या पोटात लगीन लागत नाय."

एवढेच. मी अक्षरही इकडचे तिकडे केले नाही. तिने अंगठा शाईवर दाबला, मग कागदावर, आणि तो उचलताना कागद क्षणभर तिच्या बोटाला चिकटून वर आला. सून तो घेऊन खिडकीकडे धावली. ठप्. कारकुनाने आकडा सांगितला. झेलायला जिन्याखाली आता फारसे कुणी नव्हते.

बाकावर एक कोरा कागद उरला होता. मी पेनाचे टोपण लावू लागले. सून परत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने सासूला त्या यादीतली ओळ सांगितली होती का, हे मी तिला कधीच विचारलेले नाही. मावशी पदराच्या टोकाने अंगठ्याची शाई पुसत होती, सावकाश, घाई नसल्यासारखी. मग तिने तो कोरा कागद उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत विचारले:

"तुजा?"